पाच मिलियनचा गोली आणि ३-९-१ : ऑयलर्सच्या एका नोव्हेंबरचं प्रकरण

आधीच सांगतो, मी ऑयलर्सचा, म्हणजे कॅनडातल्या एडमंटनच्या आइस हॉकी टीमचा फॅन आहे, एडमंटनमध्येच राहतो, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. पण २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या टीमचं जे काय झालं ते नीट मांडून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा विषय निघाला की अजूनही दोनच वाक्यं येतात, "गोली भंगार होता" आणि "कोच भंगार होता", आणि मग माणसं दिवाळी फराळाच्या ऑर्डरीकडे वळतात. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. गोली, म्हणजे गोलकीपर, वाईट खेळला हे खरंच, पण तो गोली तिथे आलाच कसा, एवढ्या पैशात आणि एवढ्या वर्षांसाठी कसा आला, आणि तो गेल्यानंतरही टीम त्याचे हप्ते का फेडतेय, प्रकरण खरं तिथे आहे.

ज्यांना आइस हॉकीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे आपल्या खडकीच्या धनराज पिल्लैंचं हॉकी नव्हे. बर्फावर सहा जण, त्यातला एक गोली, एका मॅचला साधारण तीसेक शॉट येतात आणि शंभरातले ९० अडवले तर तो गोली त्या काळात सरासरीच्या जरासा खालीच धरला जायचा. ८७ अडवले तर नोकरी धोक्यात. ऐकायला फरक तीनच टक्क्यांचा, पण तीस शॉटच्या मॅचमध्ये तो जवळजवळ एक अख्खा गोल होतो, दर मॅचला, आणि या लीगमध्ये (एनएचएल) कितीतरी मॅचेस एकाच गोलने सुटतात. दुसरी गोष्ट सॅलरी कॅप. प्रत्येक टीमला पगारावर वरची मर्यादा असते, २०२३-२४ ला ती ८३.५ मिलियन अमेरिकन डॉलर होती, आणि एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कापायचे, मालक कितीही श्रीमंत असला तरी. बाकी रेकॉर्ड तीन आकड्यांत लिहितात, जिंकलेल्या, हरलेल्या आणि ओव्हरटाइममध्ये हरलेल्या. ३-९-१ म्हणजे काय ते आता कळलं असेल.

आधी काय होतं

२०२२-२३ चा सीझन जबरदस्त गेला होता. कॉनर मॅकडेविडने ६४ गोल आणि १५३ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले, लिऑन ड्रायसायटलने १२८, रायन न्यूजेंट-हॉपकिन्स पण शंभरी पार. पॉवरप्ले (समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना आपण एकाने जास्त) ३२.४ टक्के वेळा गोल, लीगच्या इतिहासातला सगळ्यात भारी. प्लेऑफमध्ये दुसऱ्या राउंडला वेगासने सहा मॅचमध्ये काढलं आणि वेगास पुढे जाऊन कप जिंकले, म्हणजे हरलो तेही शेवटी चॅम्पियनकडून. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गावात सगळ्यांना वाटत होतं की हेच ते वर्ष. कॅनडाच्या टीमने शेवटचा स्टॅनली कप जिंकला तो १९९३ ला मॉन्ट्रियालने, आणि ऑयलर्सचा स्वतःचा शेवटचा १९९० चा. इथे चाळिशीच्या खालच्या माणसाला तो आठवणं शक्यच नाही, तो फक्त बापाकडून ऐकलेला.

आता गोलीकडे. २०२२ च्या जुलैमध्ये जनरल मॅनेजर केन हॉलंडने टोरांटोचा जॅक कॅम्पबेल घेतला, ५ वर्षं, २५ मिलियन, म्हणजे वर्षाला ५. माणूस तिशीचा. २०१० च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात तो) ११ वा निवडला गेलेला, पण नंतर बरीच वर्षं मायनर लीगमध्ये काढलेली, टोरांटोत येऊन जम बसला. त्याच्या टोरांटोच्या शेवटच्या सीझनला पहिला अर्धा ऑल-स्टार होता आणि दुसरा अर्धा ढासळलेला, मधे दुखापत. आणि अख्ख्या करिअरमध्ये एका सीझनला सगळ्यात जास्त मॅचेस खेळला होता त्या ४९. म्हणजे पूर्ण सीझनचा भार ज्याने एकदाच उचलला आणि तोही अर्ध्यावर डळमळला, अशा माणसाला पाच वर्षं. टोरांटोने त्याला जाऊ दिलं यातूनच काहीतरी कळायला हवं होतं, पण टोरांटोने गोली सोडला तर तो त्यांचा गाढवपणा असं मानायची आमच्या फॅन्सची जुनी सवय आहे.

हॉलंडची बाजूही घेऊ, कारण त्या वेळी बाजारात दुसरं फारसं नव्हतं. आमचा आधीचा गोली माइक स्मिथ चाळिशीला आलेला आणि शरीर साथ देत नव्हतं, मिको कोस्कीनन युरोपला परत निघालेला. कोस्कीननची पण गंमत आहे, त्याला तीन वर्षांचा, वर्षाला साडेचार मिलियनचा करार देऊन आधीच्या जनरल मॅनेजरची दोनेक दिवसांत हकालपट्टी झाली होती, २०१९ च्या जानेवारीत. म्हणजे गोलीवर घाईत पैसे उधळायची परंपरा हॉलंडने सुरू केली नाही, पुढे चालवली.

आता त्याच उन्हाळ्यात वेगासने काय केलं ते बघा. त्यांचा मुख्य गोली जखमी झाला, तर त्यांनी ऑगस्टमध्ये सॅन होजेकडून एडिन हिल नावाचा कुणी फारसं नाव न ऐकलेला गोली ड्राफ्टमधल्या चौथ्या राउंडच्या पिकवर (निवडीच्या हक्कावर) उचलला, पगार वर्षाला २.१७५ मिलियन. त्या सीझनमध्ये त्यांनी पाच गोली वापरले. आणि २०२३ च्या प्लेऑफमध्ये आमच्याविरुद्धच्याच सिरीजमध्ये तिसऱ्या मॅचला त्यांचा लॉरेंट ब्रोस्वा (हा पण एकेकाळी आमचाच) जखमी होऊन बाहेर गेला, हिल आत आला आणि थेट कप घेऊनच थांबला. आम्ही समोर बसून बघत होतो.

कॅम्पबेलचं पहिलं वर्ष ३६ मॅचेस आणि ८८.८ टक्के. जिंकल्या २१, कारण पुढे मॅकडेविड आणि ड्रायसायटल धो धो गोल करत होते. त्याच वर्षी एडमंटनचाच पोरगा स्टुअर्ट स्किनर, २०१७ चा तिसऱ्या राउंडचा पिक, बॅकअप म्हणून आला आणि नंबर एक झाला, ५० मॅचेस खेळला, रुकीच्या, म्हणजे नवोदिताच्या बक्षिसाच्या शेवटच्या तिघांत होता. त्याला पुढचे तीन वर्षं २.६ मिलियनवर बांधलं. प्लेऑफमध्ये मात्र तो डगमगला, पुन्हा पुन्हा मधूनच बाहेर काढावं लागलं, आणि प्रत्येक वेळी कॅम्पबेल आत येऊन बरा खेळला. या गोष्टीचा पुढे त्रास झाला असं माझं मत, कारण उन्हाळ्यात सगळ्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली की चला, पाच मिलियनवाला आता ताळ्यावर आलाय, गोली घ्यायची गरज नाही.

तेरा मॅचेस

११ ऑक्टोबर २०२३, व्हँकूव्हर, ८-१ ने हार. ब्रॉक बेसरचे एकट्याचे चार. कॅम्पबेलने सुरुवात केली, बाहेर गेला, स्किनर आत आला, त्यानेही खाल्ले. पहिलीच मॅच, ठीक आहे, होतं कधीकधी. मग व्हँकूव्हरकडून परत ४-३. मग नॅशव्हिलला ६-१ ने धुतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं झालं, गाडी रुळावर. नाही. फिलाडेल्फियाकडून ४-१, विनिपेगकडून ओव्हरटाइममध्ये ३-२ आणि त्यातच मॅकडेविड जखमी, मिनेसोटाकडून ७-४, रेंजर्सकडून ३-०. २९ ऑक्टोबरला कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये उघड्यावर कॅलगरीविरुद्ध हेरिटेज क्लासिक होती, मॅकडेविड परत आला, ५-२ ने जिंकलो, थंडीत सगळे नाचले. मग डॅलस ४-३, नॅशव्हिल ५-२, आणि ६ नोव्हेंबरला व्हँकूव्हर परत, ६-२. एका महिन्यात एकाच टीमने तीन वेळा वाजवलं आणि अठरा गोल घातले.

दुसऱ्या दिवशी कॅम्पबेलला वेव्हर्सवर टाकलं. म्हणजे बाकीच्या ३१ टीमना २४ तास दिले की कुणाला हवा असेल तर त्याच्या पूर्ण करारासकट घेऊन जा. कुणीही हात लावला नाही, आणि तो कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला मायनर टीमकडे गेला. त्याचे आकडे पाच मॅचेस, एक जिंकला चार हरला, ८७.३ टक्के.

यातली लोकांच्या लक्षात न राहिलेली गोष्ट अशी की त्या दिवशी स्किनरचे आकडे कॅम्पबेलपेक्षाही वाईट होते! हो, खरंच. जो जास्त वाईट खेळत होता तो राहिला. वरकरणी अन्याय वाटतो, पण हिशोब वेगळा होता. स्किनर नुकताच पंचविशीचा झालेला, निम्म्या पैशात, आणि त्याला वेव्हर्सवर टाकला असता तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी नक्की उचलला असता. कॅम्पबेलला त्या पगारात कुणी उचलणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पाठवताही तोच येत होता म्हणून तो गेला, खेळाचा त्यात संबंध निम्माच.

आणि पाठवून सुटका झाली का तर तीही नाही. मायनरमध्ये पाठवला की कॅपमधून त्या वर्षी फक्त १.१५ मिलियन वजा व्हायचे. म्हणजे बेकर्सफील्डमध्ये बसलेल्या गोलीचे ३.८५ मिलियन एडमंटनच्या खात्यावर चालूच. घर सोडलं तरी भाडं भरतोय अशी गत. वर बोलावला तो कॅल्विन पिकार्ड, तिशी ओलांडलेला, आयुष्यभर एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे फिरलेला, जवळजवळ किमान पगारावर.

९ नोव्हेंबरला सॅन होजे. त्या टीमची अवस्था सांगतो, सीझनची सुरुवात ०-१०-१, लागोपाठ दोन मॅचेसमध्ये दहा-दहा गोल खाल्लेले, दोन दिवस आधी कुठे पहिली मॅच जिंकलेली. त्यांनी आम्हाला ३-२ ने हरवलं. त्या रात्री मंडळातले एक काका, जे १९८० च्या दशकापासून इथे आहेत आणि ज्यांनी आमच्या त्या काळच्या गोलीला, ग्रँट फ्यूरला, समोर बसून बघितलंय, त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "अरे, मी सीझन तिकिटं विकून टाकू का सांग." मी म्हटलं काका थांबा. ११ तारखेला सिअॅटलला ४-१ ने जिंकलो, आणि १२ ला सकाळी बातमी, हेड कोच जे वुडक्रॉफ्टला काढलं. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे निर्णय सॅन होजेच्या रात्रीच झाला होता हे उघड आहे, सिअॅटलची मॅच फक्त मधे आली.

मग चुकलं कोणाचं

एक बाजू आकड्यांची. कुठून, कशा जागेवरून शॉट आला यावरून तो गोल व्हायची शक्यता काढतात, त्याला एक्स्पेक्टेड गोल म्हणतात. त्या हिशोबात ऑयलर्स ३-९-१ असतानाही लीगच्या वरच्या टीम्समध्ये होते. म्हणजे संधी समोरच्यापेक्षा जास्त तयार करत होते, पण आपले शॉट आत जात नव्हते आणि समोरच्यांचे जात होते. सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे अडवलेल्या शॉटची टक्केवारी, लीगच्या तळाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी एवढ्या वाईट फार काळ राहत नाहीत, ते सुधारणारच होतं, कोच कुणीही असला तरी. या बाजूने बघितलं तर वुडक्रॉफ्टचा बळी गेला. मला हे बऱ्याच अंशी पटतं.

पण पूर्ण नाही पटत, कारण मी त्या मॅचेस बघितल्यात. वुडक्रॉफ्टने त्या सीझनच्या कॅम्पमध्ये डिफेन्सची पद्धत बदलली होती, माणसाला माणूस धरायच्या ऐवजी जागा धरून झोन डिफेन्स, वेगासने आम्हाला जसं कोंडलं होतं तसं. कागदावर छान. प्रत्यक्षात आमचे डिफेन्समन एकमेकांकडे बघत उभे राहायचे आणि मधला माणूस गोलीच्या तोंडावर मोकळा. असे मोकळे शॉट कागदावर मोजायला तेवढे भयानक दिसत नाहीत, पण शॉटच्या आधी पास आडवा गेला असेल तर गोली सरकत असतो आणि तो शॉट अडवणं वेगळंच काम असतं. म्हणून "गोलीने सोपे सोडले" असं जे आपण टीव्हीसमोर ओरडतो त्यातले काही खरंच सोपे होते (कॅम्पबेलचे दोन-तीन तर मीही अडवले असते) आणि काही अजिबात नव्हते.

रोस्टरकडे, म्हणजे टीमच्या यादीकडे बघा. डिफेन्समध्ये डार्नेल नर्सला वर्षाला ९.२५ मिलियन, २०३० पर्यंत. चांगला खेळाडू आहे, जीव तोडून खेळतो, पण तो करार २०२१ च्या उन्हाळ्यात झाला जेव्हा दुसऱ्या टीम्सनी आपापल्या डिफेन्समनना वेड्यासारखे पैसे वाटले आणि तोच भाव आपल्याकडे लागला. मॅकडेविड १२.५, ड्रायसायटल ८.५, नर्स ९.२५, एकहोल्म ६, हायमन ५.५, केन आणि न्यूजेंट-हॉपकिन्स प्रत्येकी ५.१२५, कॅम्पबेल ५. आठ माणसांत ५७ मिलियन. उरलेल्या साडेसव्वीसात पंधरा माणसं. त्यात कॉनर ब्राउनला घेतलं ते एका युक्तीने, पगार किमान आणि दहा मॅचेस खेळला की ३.२२५ मिलियन बोनस, जो पुढच्या वर्षीच्या कॅपवर ढकलता येतो. ब्राउनने पहिला गोल केला तेव्हा मार्च उजाडला होता. माणूस मेहनती, पेनल्टी किलमध्ये (आपला एक जण शिक्षा होऊन बाहेर असताना बचाव करण्यात) उत्तम, पण उधारीवर आणलेला विंगर मार्चपर्यंत गोल करत नाही म्हटल्यावर फॅनचं डोकं फिरणारच ना.

म्हणजे टीम अशी बांधलेली की वरच्या दोघांनी रोज तीन-चार गोल घालायचे आणि गोलीने फक्त ठीक राहायचं. मॅकडेविड जखमी, शॉट पोस्टला लागतायत, आणि गोली ठीकसुद्धा नाही, तिन्ही एकदम झालं की सावरायला खाली तिसरी-चौथी लाइनच नव्हती. गोलीच्या चुका झाकायला पैसेच ठेवले नव्हते कारण ते पैसे गोलीलाच दिले होते. मला तरी प्रकरणाची गाठ इथेच दिसते.

काय करता आलं असतं? उन्हाळ्यातच कॅम्पबेलला बायआउट करून, म्हणजे उरलेल्या पगाराचा काही भाग हप्त्यांनी देऊन करार मोडून सोडता आलं असतं, पण तेव्हा कराराची चार वर्षं बाकी होती, म्हणजे आठ वर्षं हप्ते. पिक आणि एखादा तरुण पोरगा जोडून तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता आला असता, पण त्याची किंमत भयानक झाली असती. दुसरा गोली ट्रेडमध्ये आणायचा तर कॅपमध्ये जागा नाही. खरं सांगायचं तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये चांगला पर्याय उरलेलाच नव्हता, सगळे पर्याय २०२२ च्या जुलैतल्या त्या एका सहीने संपवले होते. कोच बदलायला कॅप लागत नाही. कोच जातो तो बऱ्याचदा याच कारणाने.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी

नवा कोच क्रिस नॉब्लॉक, रेंजर्सच्या मायनर टीमचा कोच, आणि ज्युनियरमध्ये ईरी ऑटर्सला मॅकडेविडचा कोच होता. टीमचा नवा बॉस जेफ जॅक्सन हा मॅकडेविडचा जुना एजंट. गावात काय बोललं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. डिफेन्स बघायला पॉल कॉफी बेंचमागे आला, जो १९८० च्या दशकातला आमचा देव.

मग आठ सलग जिंकले, तीन हरले, आणि २१ डिसेंबरपासून सलग १६ जिंकले. लीगचा रेकॉर्ड १७ चा, पिट्सबर्गचा, १९९२-९३ चा. ६ फेब्रुवारीला वेगासने ३-१ ने थांबवलं, परत वेगासच. सीझन संपला ४९-२७-६ वर. नॉब्लॉकच्या हाताखाली ४६-१८-५. आणि गोली? तोच स्किनर, ९०.५ टक्के. पिकार्ड ९०.९. दोघंही लीगच्या सरासरीच्या आसपास, कुणी जादूगार झाला नाही. या टीमला सरासरी गोली पुरतो हे तिथे सिद्ध झालं, आणि सरासरी गोली किमान पगारातही मिळतो हेही पिकार्डने दाखवलं.

प्लेऑफ तर वेगळंच पर्व. व्हँकूव्हरविरुद्ध स्किनरला दोन मॅचेस बाहेर बसवलं, पिकार्ड एक जिंकला एक हरला, स्किनर परत आला आणि सिरीज सातव्या मॅचमध्ये काढली. मग डॅलस, त्या पूर्ण सिरीजमध्ये त्यांच्या पॉवरप्लेला एकही गोल करू दिला नाही. आणि सहावी मॅच, २ जून २०२४, ती मॅच मी अजून कुणाला नीट समजावू शकलेलो नाही. ऑयलर्सचे पूर्ण मॅचमध्ये दहा शॉट. दहा! डॅलसचे ३५. जिंकलो २-१. स्किनरने ३५ पैकी ३४ अडवले, मॅकडेविडच्या लाखमोलाच्या टीमला त्या रात्री २.६ मिलियनच्या पोराने खांद्यावर घेऊन फायनलला नेलं, आमच्या स्टेडियममध्ये, रॉजर्स प्लेसमध्ये, लोक रडत होते आणि सात महिन्यांपूर्वी याच पोराचे आकडे लीगमध्ये सगळ्यात खालच्यांत होते. आता सांगा, स्किनर चांगला गोली की वाईट? मला विचाराल तर उत्तरच नाही. तो एका आठवड्यात दोन्ही असतो.

फायनलला फ्लोरिडा, ०-३ मागे, मग तीन जिंकून ३-३, आणि २४ जूनला सातवी मॅच २-१ ने हरलो. मॅकडेविडने हरणाऱ्या टीममधून कॉन स्माइथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) घेतली, गोली सोडून दुसऱ्या कुणी अशी घेतली होती ती १९७६ ला. तो ट्रॉफी घ्यायला बर्फावर आलाच नाही, आणि बरोबर केलं.

समोर कोण होतं? सर्गेई बॉब्रोव्स्की, सात वर्षं, वर्षाला १० मिलियन. इथे कुणीतरी मला अडवेल की बघ, गोलीवर पैसे लावून कप येतो. येतो, मान्य. पण फ्लोरिडाने तो करार २०१९ ला दिला आणि चार वर्षं सगळे हसले त्यांच्यावर, २०२३ च्या प्लेऑफची सुरुवात तर त्यांनी अॅलेक्स लायन नावाच्या गोलीने केली आणि दहा मिलियनवाला बेंचवर होता. मग तो आत आला आणि चक्र फिरलं. म्हणजे त्यांनासुद्धा माहीत नव्हतं तो कधी चालणार. गोलीचं असंच असतं, पुढच्या वर्षी कोण चालेल ते भलेभले सांगू शकत नाहीत. म्हणून पैसे लावायला माझी ना नाही, वर्षं लावायला आहे. एका वर्षासाठी ५ मिलियन चुकले तर एक सीझन गेला, पाच वर्षांसाठी चुकले तर बघा खाली.

बिल

२०२४ च्या उन्हाळ्यात कॅम्पबेलचा शेवटी बायआउट केला. नियम असा की उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत. तीन वर्षं बाकी म्हणून सहा वर्षं. कॅपवर पहिल्या वर्षी १.१ मिलियन, मग २.३, मग २.६, आणि नंतर तीन वर्षं दीड-दीड, २०२९-३० पर्यंत.

आता त्याच उन्हाळ्यात काय घडलं ते जोडून बघा. ब्राउनचा ढकललेला बोनस कॅपवर आला, बायआउटचा पहिला हप्ता आला, आणि १ जुलैला टीमने आर्व्हिडसन, जेफ स्किनर, हेन्रीक अशा अनुभवी फॉरवर्डना करार देऊन उरलेली जागा भरून टाकली. तेव्हा सगळे खूश, मीसुद्धा. ऑगस्टमध्ये सेंट लुईसने आमच्या दोन तरुण पोरांना, फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे यांना ऑफर शीट टाकली (दुसऱ्या टीमच्या करार संपलेल्या तरुण खेळाडूला थेट दिलेला करार), एकाला साधारण ४.५८ मिलियन आणि दुसऱ्याला २.२९, बरोबर तेवढी जेवढी आपल्याला झेपणार नाही. सात दिवसांत आपण तेवढाच पगार द्यायला तयार व्हायचं होतं, नाही झालो. बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचा एकेक पिक. हॉलोवेने पुढच्याच सीझनला सेंट लुईससाठी २६ गोल, ६३ पॉइंट केले. ब्रोबर्ग त्यांच्या डिफेन्सचा कणा झाला. फायनलच्या सातव्या मॅचला आमच्याकडून खेळलेली दोन पोरं, दोन महिन्यांत गेली. हे सगळं कॅम्पबेलमुळे झालं असं मी म्हणणार नाही, जुलैची खरेदी जास्त जबाबदार आहे. पण सेंट लुईसला ती चाल सुचली कारण त्यांनी आमचं खातं बघितलं, आणि खात्यात एक ओळ अशा माणसाची होती जो आमच्याकडे खेळतच नव्हता.

२०२५ ला परत तीच गोष्ट थोड्या फरकाने. लॉस एंजेलिसविरुद्ध पहिल्या दोन मॅचेस हरल्यावर स्किनर बाहेर, पिकार्ड आत, तो सलग जिंकत गेला आणि जखमी झाला, स्किनर परत येऊन वेगासला लागोपाठ दोन शटआउट (एकही गोल न देता जिंकलेल्या मॅचेस), डॅलसला पाचात काढलं, आणि फायनलला फ्लोरिडाविरुद्ध दोनदा मधूनच बाहेर. सहा मॅचमध्ये हरलो. लोकांनी सगळं स्किनरवर फोडलं. थोडं बरोबर, पण फ्लोरिडा त्या फायनलमध्ये सगळ्याच जागी सरस होती, आमच्या जाळ्यासमोर त्यांचे फॉरवर्ड तळ ठोकून बसले होते आणि त्यांना कुणी हलवत नव्हतं.

मग डिसेंबर २०२५. सुरुवात परत रडतखडत, परत सेव्ह पर्सेंटेजवरून गावभर चर्चा, आणि या वेळी जनरल मॅनेजर स्टॅन बोमनने स्किनरलाच पिट्सबर्गला पाठवलं, सोबत डिफेन्समन ब्रेट कुलक आणि २०२९ चा दुसऱ्या राउंडचा पिक, आणि बदल्यात ट्रिस्टन जॅरी आणला. जॅरी कोण? तिशीचा, दोनदा ऑल-स्टार, अधूनमधून भारी आणि अधूनमधून एवढा वाईट की पिट्सबर्गने त्याला आदल्या सीझनला वेव्हर्सवर टाकलं होतं आणि कुणी उचलला नव्हता. पगार वर्षाला ५.३७५ मिलियन. वाचताना ओळखीचं वाटतंय ना? काकांना फोन केला तर म्हणाले, "याचं नाव बदललं फक्त." मी त्यांच्याएवढा निराश नाही, जॅरीचा हात आणि पकचा (बर्फावरच्या रबरी चकतीचा) खेळ स्किनरपेक्षा चांगला आहे आणि आमच्या डिफेन्सला जाळ्यामागचा पक हाताळणारा गोली हवाच होता. पण कुलक देऊन डिफेन्स आणखी पातळ केला हे मला आवडलेलं नाही, कारण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोलीसमोर मोकळे सोडलेले फॉरवर्ड हाच अर्धा आजार होता आणि त्यावरचं एक औषध कुलक होता.

२०२५-२६ च्या कॅपवर जॅरीचे ५.३७५ मिलियनच्या दराने आणि कॅम्पबेलचे २.३. मॅकडेविडने ऑक्टोबर २०२५ मध्ये फक्त दोन वर्षांसाठी सही केली, जुन्याच १२.५ वर, टीमला चांगली माणसं घेता यावीत म्हणून. त्याचा करार आणि जॅरीचा करार एकाच वेळी संपतात, २०२८ च्या उन्हाळ्यात. कॅम्पबेलचे दीड मिलियन त्यानंतरही दोन सीझन चालू आहेत.